जामीनदार म्हणून सही करू का?

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहते, एका खाजगी शाळेत शिकवते. पगार 22 हजार. एटीएम कार्ड लग्नापासून ह्यांच्याकडे, बँकेचे मेसेजही ह्यांच्याच मोबाइलवर. मला आठवड्याला 300 रुपये मिळतात, त्यात ‘आपली बस’च्या तिकिटांसकट हिशेब द्यायचा. आता दिराच्या टायरच्या दुकानासाठी 8 लाखांचं कर्ज काढताहेत आणि जामीनदार म्हणून सही कर, असं मागे लागून राहिले. नाही म्हटलं की चार दिवस अबोला. हे दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत. मग याला छळ म्हणायचं का? आई म्हणते, संसारात चालतंच.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात एक आकडा नाही. यजमानांचा पगार किती? लिहायचा राहिला, की ठाऊकच नाही? बहुधा ठाऊक नसावा.

पैसे एकत्र ठेवले म्हणजे छळ झाला, असं नाही. माझा पगारही कित्येक वर्षं घरच्याच खात्यात जायचा. पण पासबुक टीव्हीखालच्या खणात असायचं आणि ते दोघंही उघडायचो. तुमच्याकडे हिशेब एकच जण देतो. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीच्या शेजारीच आर्थिक छळ लिहिलेला आहे. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, हक्काच्या पैशाला हात लावू न देणं, सगळं त्यात येतं. तेव्हा हो, हा छळच.

आता सहीचं. करू नका. मी सीताबर्डीला एका बँकेत कर्जविभागात होते. नोटीस हातात घेऊन आलेल्या बायकांचं वाक्य ठरलेलं असे, “मॅडम, मी तं फक्त सही केली होती.” 1872च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. दुकान दिराचं, हप्ते थकले की वसुली तुमच्याकडे, सिबिलही, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांकही, तुमचा बिघडणार. घरात नाही म्हणणं जड जात असेल तर एकटीने शाखेत जा आणि सांगा, यात माझी मर्जी नाही. चांगला अधिकारी जामीनदाराशी वेगळं बसून बोलतो. सगळेच चांगले नसतात, म्हणून कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या चेकवर तर मुळीच नाही.

खात्याच्या बाबतीत मात्र घाई नको. आज शाखेत जाऊन मोबाइल नंबर बदललात तर त्यांचे मेसेज बंद होतील, आणि मग संध्याकाळी घरात काय होईल ते तुम्हालाच ठाऊक. आधी आधारला कोणाचा नंबर जोडलाय ते बघा. त्यांचा असेल तर नवं खातं उघडताना ओटीपी त्यांच्याच फोनवर वाजेल. तो आधार केंद्रात बदलून घ्या, मग दुसऱ्या बँकेत खातं. पासबुक शाळेतल्या भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तोही काढा. तुमच्या नावावर आधीच एखादं कर्ज निघालेलं नाही ना, ते कळेल.

दागिन्यांबद्दलही तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत का? असले तरी ते तुमचेच. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलंय. लग्नाचा अल्बम काढून अंगावरच्या एकेक दागिन्याचा फोटो घ्या. इतवारीतल्या सराफाच्या पावत्या माहेरी असतील, त्या आईकडून मागवा. 2005च्या त्याच कायद्याखाली न्यायदंडाधिकारी सासरच्यांना लॉकर उघडायलाही मनाई करू शकतात.

बोलायला कोणी हवं असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, अडचणीतल्या बायकांना मदत करणारा नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील मोफत देतं, त्यासाठी पगाराची अट नाही. तिथे गेलं म्हणजे घटस्फोटच मागायचा, असंही नाही.

आणि हा अंक हाती पडेपर्यंत सही होऊन गेली असेल, तर कर्जाचे पैसे सुटायच्या आत माघार घेत असल्याचं बँकेला लेखी कळवा. तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.