मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकराचा. इनडोअर ऑब्स्टॅकल पार्कला न्यावं का? ती घाबरेल का?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत दोन्ही मुलांना मुंबईतल्या एखाद्या इनडोअर ऑब्स्टॅकल पार्कला (छताखाली दोर, जाळ्या, फळ्यांवरून अडथळे पार करायचे खेळ असतात ती जागा) न्यायचंय, पण धाकटी घाबरेल आणि तिकिटाचे पैसे वाया जातील अशी भीती वाटते. माझी मुलं नेमकी याच वयाची असताना मी त्यांना पहिल्यांदा नेलं, नंतरही दोन-तीनदा गेलो. तुम्ही जरूर न्या. फक्त पैसे वसूल करायचा विचार घरी ठेवून निघा. माझं पहिल्या खेपेला तिथेच चुकलं.

आम्ही मुलुंडला राहतो आणि पार्क होतं पश्चिम उपनगरातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. रविवार, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणून पवईमार्गे बसने गेलो आणि पोचेपर्यंत सगळेच वैतागलो होतो. तिकीट तासाचं. मनगटाला पट्टा बांधला की वेळ सुरू. माझा सगळा घोर धाकटीचा होता. थोरला रोज फुटबॉल खेळणारा, त्याची काळजीच नव्हती.

अडकला तो थोरला. वरच्या पातळीवर दोन मजले उंचीवर दोरांना टांगलेल्या सुट्या फळ्या होत्या, एकीवरून दुसरीवर जायचं. तिसऱ्या फळीवर तो थांबला. गुडघे थरथरताना मला खालून दिसत होते. आणि मी काय केलं? "अरे जा ना, काही होत नाही, हुक लावलाय, मागे रांग लागलीय!" असं ओरडत राहिले. माझ्या डोक्यात घड्याळ होतं. तासातली वीस मिनिटं गेली होती. मी जितकी ओरडले तितकी त्याची दोरीवरची मूठ घट्ट होत गेली.

तिथला इन्स्ट्रक्टर, विशीतला मुलगा, मला शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाकावर बसा, मी बघतो." तो वर गेला, थोरल्याच्या शेजारी उभा राहिला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग एकच प्रश्न विचारला, पुढे जायचं की खाली? थोरला म्हणाला, खाली. त्याला दोरीवरून अलगद उतरवलं. उरलेला सगळा वेळ तो खालच्या पातळीवर जाळी, बोगदा आणि मंकी बारच्या फेऱ्या मारत राहिला. परतीच्या बसमध्ये मला समजावत होता की फळीच्या कडेला पाय ठेवला की ती तिरकी होते, मधोमध ठेवायला हवा होता. दोन महिन्यांनी तो स्वतःहून परत वर गेला. तेव्हा मी बाकावर बसून होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की मुलगी कदाचित घाबरणार नाही आणि मुलगा घाबरेल. सहाव्या वर्षी पडणं म्हणजे काय हे पुरतं कळत नाही. अकराव्या वर्षी कळतं, आणि मित्रांसमोर, बहिणीसमोर लाज वाटते ती वेगळीच. दोघांनाही निघण्यापूर्वी सांगून ठेवा की कुठूनही "खाली" म्हटलं तरी चालेल, घरी कुणी त्याबद्दल बोलणार नाही. आणि आजी-आजोबांना फोनवर सांगतानाही तो शब्द पाळा.

धाकटीची अडचण वेगळीच निघते, ती उंचीची. आम्ही गेलो तिथे वरच्या पातळीसाठी किमान 120 सेंटीमीटरची अट होती. सहा वर्षांची मुलगी साधारण 115च्या आसपास असते. माझी धाकटी दारातल्या मोजपट्टीशी टाचा उंचावून उभी राहिली, तरी पुरली नाही, आणि दादा वर जाताना बघून जी रडली ते अजून आठवतं. प्रत्येक ठिकाणची अट निराळी असते. आज रात्रीच दाराच्या चौकटीशी तिची उंची मोजा, उद्या फोन करून अट विचारा, आणि बसत नसेल तर तिला घरीच सांगा. तिच्यासाठी वेगळा छोटा कोर्स, म्हणजे अडथळ्यांची वाट, आहे का हेही विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो.

फोनवर आणखी एक विचारा. वरच्या कोर्सवर हार्नेसचा, म्हणजे अंगाला बांधलेल्या सुरक्षेच्या पट्ट्यांचा, हुक मुलांनी स्वतः काढून पुढच्या तारेला लावायचा असतो, की सुरुवातीला एकदा अडकवला की शेवटपर्यंत सरकत जातो? दुसरी पद्धत असेल तर मुलाला मध्ये कुठेही हुकाला हात लावावा लागत नाही. लहान मुलांसाठी मी तीच निवडेन. हार्नेस बांधून झाल्यावर स्वतः तपासा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर हवा, मांडीच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत. धाकटीसारख्या मुलांना कंबर अशी नसतेच, मूल उलटं झालं तर नुसत्या कमरेच्या हार्नेसमधून निसटू शकतं, म्हणून त्यांना खांद्यावरूनही येणारा पूर्ण हार्नेस मागा. गळ्यातली चेन, ताईत, ओढणी घरीच ठेवा. केस घट्ट बांधा, मोकळी वेणी कप्पीत अडकते. चढायच्या भिंतीवर आपोआप दोरी ओढून घेणारं यंत्र असेल तर पहिलं पाऊल टाकण्याआधी हुक लागलाय का हे बघा. त्या भिंतींवरचे गंभीर अपघात बहुतेक हुक लावायचा राहून गेल्यामुळे झालेत.

मला खरी धास्ती उंचावरून पडण्याची नाही, ट्रॅम्पोलिनची, म्हणजे उड्या मारायच्या ताणलेल्या मॅटची, वाटते, आणि बहुतेक आईवडील तिथेच निर्धास्त होऊन मोबाइल काढतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली सांगितलं की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच मॅटवर एकाहून जास्त जण असताना होतात, आणि लागतं ते बहुधा सगळ्यात लहानाला. कारण साधं आहे. दादा खाली येतो तेव्हा मॅट त्याच्या वजनाने दबते आणि उसळून परत येते. त्याच क्षणी धाकटीचे पाय टेकले तर तो सगळा दणका तिच्या नडगीच्या हाडाला बसतो. एका मॅटवर एकच मूल, ही गोष्ट तिथल्या माणसांवर सोडू नका, स्वतः उभं राहून पाहा. कोलांटउडी अजिबात नको, मानेला इजा होते.

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं बाहेर पडायच्या वाटा शोधण्यात घालवा. 25 मे 2024ला, सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. अशा ठिकाणी फोमच्या गाद्या, प्लास्टिक, कापड खच्चून भरलेलं असतं आणि फोम पेटला की काळा दाट धूर होतो. दुसरा जिना कुठे आहे, त्याच्या दाराला कुलूप आहे का, दारासमोर खुर्च्या-खोकी रचलीत का, हे बघा. महाराष्ट्रात 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्याला फॉर्म बी म्हणतात. काउंटरवर विचारायला लाजू नका. मी एका ठिकाणी विचारलं, मागच्या दाराला साखळी दिसली, आणि मुलांची नाराजी पत्करून तिथूनच परत फिरले.

बाकी किरकोळ. ग्रिपचे मोजे तिथेच विकत घ्यावे लागतात, ते जपून ठेवले तर पुढच्या वेळी बहुधा चालतात. पोटभर जेवून जाऊ नका. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसली की मागून कुणी ढकलत नाही.

आणि मुलीला हे फार आवडलं तर दरवेळी एवढे पैसे खर्च करायची गरज नाही. तुम्ही दादरच्या जवळपास राहत असाल तर शिवाजी पार्कला 1925 सालचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे मल्लखांब बघून या. आमची धाकटी आता आठ वर्षांची आहे आणि घराजवळच्या एका वर्गात दोरीचा मल्लखांब शिकते. तिथे उंचीची अट नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरायची, ती पकड जमायलाच तिला तीन आठवडे लागले.