शहरात राहून रोज निसर्गात वेळ घालवता येतो का? त्याने खरंच बरं वाटतं का, आणि किती वेळ लागतो?

शहरात निसर्ग मिळणार कुठे, असं तुम्ही प्रश्नाखाली स्वतःच लिहून टाकलंय. मी तिथेच अडकले, कारण माझा पुण्याचा दादा कित्येक वर्षं मला हेच ऐकवतोय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. 2018 चं मार्च एंडिंग माझ्याकडून नीट करून घेतलं आणि एप्रिलमध्ये कंपनीने मला घरी बसवलं. अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले होते तिथे. मग रोज रात्री तीनला जाग. डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली. दादाने फोनवर उपाय सांगितला, "इकडे ये, आमच्या ग्रुपबरोबर राजगड कर. तुमच्या त्या सपाट गावात आहे काय?" बावन्नाव्या वर्षी, माझ्या गुडघ्यांनी, राजगड!

डिसेंबरात बँकेच्या कामाला निघाले होते. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर चार-पाच जण कठड्यावरून वाकून बघत होते. लारीवाला म्हणाला, "बेन, मगर छे." मला नुसता विश्वामित्री नदीचा चिखल दिसत होता. बराच वेळ बघितल्यावर त्या चिखलातल्या एका ढेकळाला डोळा फुटला. मग शेजारी दुसरी दिसली. थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. तोंड वासून पडतात ते रागाने नव्हे, अंग फार तापलं की तोंडावाटे उष्णता जाते. मी पाऊण तास उभी होते. ती मगर हलली नाही आणि मलाही हलावंसं वाटलं नाही. बँकेत पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या रात्री गाढ झोप वगैरे काही लागली नाही. जाग तीनऐवजी साडेचारला आली, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मी परत गेले, आणि मग जातच राहिले. खंड्या, बगळे, कासवं हळूहळू दिसायला लागली. आधीही असणारच, मी बसच्या खिडकीतून मोबाइल बघत जायचे.

पुढच्या जानेवारीत दादा आला. कमाटी बागेत नेलं. सयाजीरावांनी 1879 मध्ये केलेली बाग, काय एकेक झाड आहे! हा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत फेऱ्या मारतोय. "साडेनऊ हजार झाली, अजून पाचशे." पुलावर चार मिनिटं टिकला. "हलत नाहीये गं, प्लॅस्टिकची असेल. आणि हे गटार आहे, नदी नाही."

गटाराचं पाणी नदीत येतं हे खरंच आहे, त्याची मला लाज वाटते. पण ती पावागडहून येते, आणि पावसाळ्यात तिच्या मनात आलं तर आमच्या गल्लीपर्यंत येते. ऑगस्ट 2024 मध्ये काळ्या घोड्यापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची खूण 26 ला आहे. रस्त्यांवर मगरी फिरत होत्या. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन परत येणाऱ्याने मला निसर्ग शिकवू नये.

किती वेळ, हे राहिलंच. इंग्लंडमधल्या जवळपास 20 हजार लोकांच्या माहितीवर 2019 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. आठवड्याला 120 मिनिटं किंवा जास्त वेळ बाहेर झाडा-पाण्यात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तो वेळ एका दमात घालवला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. शहरातल्या बागाही त्यात धरल्या होत्या. घरची बाग मात्र धरली नव्हती, तेव्हा वहिनीच्या बाल्कनीतल्या कुंड्या बाद. दादाला पाठवलं तर नुसता अंगठा आला.

आता खरं सांगायचं तर ती सगळी लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली माहिती. मुळात ज्यांना बरं वाटतं तेच जास्त बाहेर पडत असतील, असंही असू शकतं. आणि माझी अर्धी गोळी पुढे सात-आठ महिने चालूच होती, डॉक्टरांनी कमी केली तेव्हाच सुटली. मगर बघून मी गोळी फेकली असं कुणाला सांगू नका.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. घरापासून दहा मिनिटांत चालत जाता येईल असं काहीही चालेल, तळं, नाला, जुना वड. लांबचं ठिकाण रोज होत नाही. बडोद्यात असाल तर पुलावरूनच बघा, काठावर उतरू नका, मगरी माणसावर हल्ला करतात. आणि थंडीत दहाच्या पुढे जा, ऊन वर आल्यावर. सकाळी सातला गेलात तर नुसता चिखल दिसेल, मग तुम्हीही दादासारखंच बोलाल.