आई-आप्पा लंडनला येताहेत? आधी कुंदा बाजूला काढा

प्रश्न: बेळगावजवळच्या खानापूरहून आई-आप्पा जूनमध्ये पहिल्यांदाच लंडनला येताहेत. आम्ही दोघंही नोकरीवर. त्यांना काय काय दाखवायचं, यादी द्याल का?

यादीचं नंतर बघू, आधी कागद. ब्रिटनच्या व्हिसासाठी इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं आणि आपल्याकडं घोळ होतो तो इथंच. शेताचा उतारा कन्नडमध्ये, जुनं खरेदीपत्र मराठीत, आणि आप्पांच्या नावाचं स्पेलिंग दर कागदावर वेगळं. हे काम तिकिटाच्या आधी उरका. प्रवासाचा विमाही काढा, कारण पाहुण्यांना इथल्या हॉस्पिटलच्या बहुतेक उपचारांचे पैसे मोजावे लागतात. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

आता बॅग. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. म्हणजे बेळगावचा कुंदा, दुधाचीच मिठाई ती, नाही, घरचं तूपही नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही घरीच राहू देत. आई म्हणणार, "एवढ्याशानं काय होतंय?" होत काही नाही, कस्टमवाले काढून घेतात. संकेश्वरी मिरचीचं तिखट, शेंगदाण्याची चटणी, पोहे खुशाल आणा.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, लंडनला थेट विमान नाही. बेंगळुरूहून हीथ्रोला आहे, आणि बेंगळुरूपर्यंत आता बेळगावहून वंदे भारत धावते. आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करू देत. तिकीट काढतानाच विमान कंपनीकडं व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आप्पा भडकतील, "माझं पाय गेल्यात काय?" भडकू देत. हीथ्रोवरची लांबच लांब चाल, इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा, सगळीकडं सोबत माणूस असतो. तुमचा पत्ता आणि फोन मात्र मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्याही खिशात ठेवा.

माझं मत विचाराल तर शनिवार-रविवारी गाडीत कोंबून दहा ठिकाणं दाखवण्यापेक्षा दोघांना एक बस शिकवा. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत, म्हणून दोघांना वेगवेगळं ऑयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घेऊन द्या. बसमध्ये फक्त चढताना मशीनला टेकवायचं, ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडं. हे आधी सोबत जाऊन करून दाखवा. 24 नंबरची बस कॅम्डनवरून ट्रफाल्गर चौक करत पार्लमेंटपाशी जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की आप्पा तासभर गप्प बसतील. चौकात उतरलं की नॅशनल गॅलरी समोरच, तीही फुकट. एकदा जमलं की तुम्ही कामावर असताना दोघं खिडकीत बसून तुमची वाट बघणार नाहीत.

यादीतली तीन ठिकाणं मात्र तुम्ही सोबत जाऊन दाखवा. लॅम्बेथ पुलाजवळ थेम्सकाठी बसवेश्वरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला; सीमेचा वाद काहीही असो, बसवण्णा आपल्याही घरातले. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथं 1921-22 मध्ये बाबासाहेब राहिले. ते 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. वेळा बघून जा. आणि डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ, 1932 सालचं. तिथं आईला बोलायला बायका मिळतील, तिला राजवाड्यापेक्षा त्याचंच अप्रूप.

पहिले दोन-तीन दिवस काहीच ठरवू नका. गावात पहाटे साडेपाचला उठणारे आप्पा इथं रात्री एकला उठून चहा शोधतील. म्हणून आल्या दिवशीच शेगडी कशी लावायची ते दाखवा. आणि आई फोडणी घालायच्या आत धुराचा अलार्म कुठं आहे, तो वाजला तर काय करायचं, तेही.