ऑफिसात धावणारं सीआरएम फील्डवरच्या फोनवर अडतं तेव्हा

तुमची पोस्ट वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. ठिबकच्या डीलरशिपसाठी घेतलेलं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी आणि फॉलोअप ठेवायचं सॉफ्टवेअर) ऑफिसच्या लॅपटॉपवर छान चालतं, पण फील्डवरच्या मुलांना मोबाइलवर ‘सेव्ह’चं बटण सापडत नाही, मालकांच्या आयफोनवर अर्धवट भरलेले फॉर्म गायब होतात, काउंटरच्या विंडोज ७ वर पान पांढरं फटक येतं, आणि सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याचं उत्तर एकच: ‘क्रोम अपडेट करा, आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय.’ आम्ही शेतीपंप विकतो. सेल्स आणि सर्व्हिसचं कामकाज माझ्याकडे आहे. ते ‘आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय’ आम्हाला फार महागात पडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी प्रोग्रामर नाही. जे कळलं ते निस्तरताना कळलं.

कॅशे, अपडेट, दुसरा ब्राउझर हे सगळं तुम्ही करून पाहिलंच असणार. त्यात शिरत नाही.

आमच्याकडे घोटाळा तारखेचा होता. लॅपटॉपवर फॉलोअपची तारीख कॅलेंडरमधून निवडायची सोय होती. मोबाइलच्या पानावर मात्र साधी चौकट, त्यात हाताने तारीख लिहायची. तासगावच्या एका बागायतदाराकडे ५ एप्रिलला जायचं म्हणून आमच्या मुलाने बांधावर उभं राहून ०५/०४ आणि पुढे साल असं लिहिलं. आपण सगळे असंच लिहितो, आधी दिवस, मग महिना. पण ब्राउझरची जावास्क्रिप्ट (ज्या भाषेत ही पानं चालतात ती) अशी तारीख अमेरिकन पद्धतीने वाचते, आधी महिना. नोंद पडली ४ मेची. ऐन उन्हाळ्यात पंपासाठी महिनाभर कोण थांबतो? आमचा माणूस पोचला तेव्हा शेतात दुसऱ्या कंपनीचा पंप चालू होता. आणि १२ तारखेच्या पुढचा दिवस लिहिला की तेरावा, पंधरावा महिना नसतोच, त्यामुळे तारीख अवैध ठरून रकाना कोरा राहायचा. स्क्रीनवर काही चुकलंय असा एक शब्द नाही, उलट हिरवी ‘नोंद झाली’ची पट्टी यायची.

मुलं सांगत होती, ‘ताई, आम्ही तारीख टाकली होती.’ ऑफिसातले म्हणत होते, यांनी टाकलीच नाही. काही जणांना त्यावरून बोलणी खावी लागली, आणि त्याचं मला नुकसानीपेक्षा जास्त वाईट वाटतं. विक्रेत्याच्या सपोर्टकडे तक्रार केली की ते त्यांच्या ऑफिसातल्या संगणकावर तोच फॉर्म उघडायचे, कॅलेंडरमधून तारीख निवडायचे, स्क्रीनशॉट पाठवायचे आणि तिकीट बंद करायचे. फोनवर करून बघा, असं लिहूनसुद्धा उत्तर यायचं ते डेस्कटॉपच्या स्क्रीनशॉटचंच. शेवटी आम्ही एक फोन आणि एक लॅपटॉप टेबलावर शेजारी ठेवून, एकच ग्राहक, एकच तारीख दोन्हीकडे भरतानाचा सलग व्हिडिओ काढला. तो पाठवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी डेव्हलपर फोनवर आला. तेव्हा कळलं की करारात बारीक अक्षरांत ‘क्रोमची चालू आवृत्ती, डेस्कटॉप’ एवढंच लिहिलेलं होतं. म्हणजे कागदानुसार आमचा फोन त्यांच्या जबाबदारीत नव्हताच.

म्हणून तुम्ही आज पहिलं काम हे करा: करार काढा आणि ब्राउझर-उपकरणांची ओळ शोधा. नूतनीकरण जवळ असेल तर पैसे देण्याआधी ती बदलून घ्या. ‘मोबाइल फ्रेंडली’ हे शब्द मान्य करू नका, त्यांना काही अर्थ नाही. तुमच्या मुलांच्या हातातल्या फोनची मॉडेलं, त्यांच्या अँड्रॉइड आवृत्त्या, आयफोनवरची सफारी अशी यादी जोडा आणि त्यातल्या सगळ्यांत स्वस्त, जुन्या फोनवर ग्राहक नोंदवणं, फॉलोअप लावणं, कोटेशन पाठवणं ही कामं तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. कंपनीचा डेमो देणाऱ्याचा फोन नको. तक्रारही अशीच पाठवा: मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती, व्हिडिओ. (कायद्याच्या भाषेत करार कसा लिहायचा ते वकिलाला विचारा, मी फक्त काय अडलं ते सांगतेय.)

आता तुमच्या बाकीच्या दुखण्यांबद्दल. ‘सेव्ह’चं बटण दिसत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे पानाची उंची ‘पूर्ण स्क्रीन’ अशी दिलेली असते, आणि मोबाइल ब्राउझर त्यात ॲड्रेसबारमागची जागाही मोजतात. तळाचं बटण पट्टीखाली जातं. यासाठी २०२२ पासून ब्राउझरांत डीव्हीएच नावाचं वेगळं माप आलंय, पण जुन्या फोनला ते कळत नाही, तेव्हा विक्रेत्याला जुन्या मापाची सोयही ठेवावी लागेल. त्याहून सोपं म्हणजे बटण तळाला चिकटवायचंच नाही, फॉर्म संपतो तिथे ठेवायचं. तपासताना फोनच्या सेटिंगमधलं अक्षर मोठं करून बघा. चाळिशीपुढचे बरेच जण तसंच वापरतात आणि निम्मे फॉर्म तिथेच कोलमडतात.

आयफोनवर ‘सफारी नको, क्रोम टाका’ असं सांगत असतील तर वेळ घालवू नका. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या पोटातही पान दाखवणारं ॲपलचंच वेबकिट इंजिन असतं, आणि ते आयओएसबरोबरच, म्हणजे फोनच्या सिस्टिमबरोबरच, अपडेट होतं. फॉर्म गायब होण्याबद्दल माझा अंदाज असा (तुमचं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही): अर्धवट भरलेले मसुदे सर्व्हरवर न जाता ब्राउझरमध्येच साठत असणार. सफारी वापरात असताना एखाद्या साइटला सात दिवस हात लागला नाही, तर त्या साइटच्या स्क्रिप्टने साठवलेला डेटा सफारी पुसून टाकते. २०२० पासून असंच आहे. मसुदा सर्व्हरवर ठेवा, हीच मागणी करा. तोवर ‘होम स्क्रीनवर जोडा’ करून उघडलं तर तो धोका बराच कमी होतो.

काउंटरवरच्या पांढऱ्या पानाचं म्हणाल तर विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) त्यावर बसते, पण ग्राहकांचे नंबर आणि पत्ते असलेलं काम असल्या मशीनवर ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे विक्रेत्याशी भांडू नका, मशीन बदला.

तुमच्या टेलिकॉलिंगच्या ताई एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात आणि त्यांना प्रत्येक चिन्हावर नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. ते वर घ्या. चिन्हांच्या बटणांना नाव देणं हे डेव्हलपरचं अगदी छोटं काम आहे आणि न केल्यामुळे एका माणसाचं रोजचं काम दुसऱ्यावर अवलंबून राहतं. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर वापरून एक ग्राहक नोंदवून बघा, कुठे अडतं ते लगेच दिसेल. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर डब्ल्यूसीएजी २.२ (वेब दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचं मानक) ची एए पातळी मागा, हे नाव त्यांना माहीत असतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल नाही, पण पत्रात उल्लेख करायला हरकत नाही.

मोबाइलसाठी वेगळं पान किंवा वेगळं ॲप ‘फुकट’ देतो म्हणाले, तर मी तरी घेणार नाही. आमचा तारखेचा गोंधळ झाला तो एकाच कामाचे दोन वेगळे फॉर्म असल्यामुळे. एकच पान, जे स्क्रीनप्रमाणे आकार बदलेल. रेंज नसलेल्या शिवारात दिवसभर काम असेल तर मात्र ॲपचा विचार करावा लागतो. तिथे माझा अनुभव तोकडा आहे.

मराठीत नोंदी करत असाल तर आणखी एक. काही कीबोर्ड ‘ॲ’ हे एकच अक्षर टाकतात, काही ‘अ’वर चंद्र चढवतात. दिसायला सारखं, पण संगणकासाठी वेगळं, आणि नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची पद्धत) ते एक होत नाही. त्यामुळे फोनवर नोंदवलेले ‘ॲड. पाटील’ लॅपटॉपवर शोधून सापडत नाहीत आणि त्यांची दुसरी नोंद होते. आकड्यांचंही तसंच: मोबाइल नंबर ९८ असा मराठी आकड्यांत टाकला की बरेच फॉर्म तो नाकारतात. दोन्ही गोष्टी सर्व्हरवर बदलून घेता येतात. विक्रेत्याला लिहिताना अशा शब्दांचे आणि आकड्यांचे नमुने मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटमधून हा फरक त्यांना दिसणार नाही.