बंद झालेल्या चित्रमालिका पुन्हा सुरू व्हाव्यात का?

प्रश्न : ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ ही वृत्तपत्रांतील चित्रमालिका (कॉमिक स्ट्रिप) बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, तरी तिचे जुने भाग वाचायचा कंटाळा येत नाही. लेखकाला आता काढायची नसेल, तर दुसऱ्या एखाद्या कसबी चित्रकाराकडे ती सोपवून नवे भाग का काढत नाहीत?

उत्तर : तशी सोपवता येत नाही, आणि सोपवू नये असे आमचेही मत आहे. अमेरिकी वृत्तपत्रांतील अनेक जुन्या चित्रमालिकांचे हक्क त्या काढणाऱ्याकडे नसून त्या वृत्तपत्रांना पुरवणाऱ्या वितरणसंस्थेकडे, म्हणजे सिंडिकेटकडे, असतात. त्यामुळे चित्रकार थकला, भांडला किंवा वारला, तरी संस्था दुसरा माणूस नेमून तीच पात्रे पुढे चालवू शकते. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ काढणारे बिल वॉटरसन यांच्या बाबतीत मात्र हे घडू शकत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी मालिका सुरू झाली आणि ती लोकप्रिय होताच तिच्यातील पात्रांची खेळणी, कपडे आणि इतर वस्तू बाजारात आणण्याचा आग्रह सिंडिकेटने धरला. वॉटरसन यांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आणि अखेर नव्या करारात मालिकेवरचे हक्क स्वतःकडे मिळवले. हॉब्ज हा कॅल्व्हिन या लहान मुलाच्या दृष्टीने जिवंत वाघ आहे आणि इतरांच्या दृष्टीने कापडी खेळणे; मालिकेचे सारे मर्म या न सुटणाऱ्या संदिग्धतेत आहे. दुकानात हॉब्जचे कापडी खेळणे विकायला ठेवले असते, तर तो प्रश्न कायमचा निकालात निघाला असता. वॉटरसन यांनी मोठे उत्पन्न नाकारून ही संदिग्धता राखली, याबद्दल वाचकांनी त्यांचे ऋणी राहायला हवे.

मालिका थांबण्यामागे दुसरे एक कारण आहे, आणि ते अधिक मोलाचे असूनही त्याची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे जागा. १९०५ साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये विन्सर मॅके यांची ‘लिटल नेमो’ सुरू झाली तेव्हा वृत्तपत्राचे अख्खे रंगीत पान तिला मिळत असे, आणि झोपेत राजवाडे, जिने, चालणारे पलंग पाहणाऱ्या त्या मुलाची स्वप्ने त्या पानभर पसरत. पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईपासून, चित्रमालिकांचा आकार आक्रसत गेला आणि युद्ध संपल्यावरही गेलेली जागा परत मिळाली नाही. रविवारच्या भागाची मांडणीसुद्धा अशी ठरवून दिलेली असे, की संपादकाला सोयीप्रमाणे वरच्या चौकटी गाळता याव्यात किंवा उरलेल्या चौकटींची जुळणी बदलता यावी. त्यामुळे चित्रकार पहिल्या ओळीत महत्त्वाचे काही घालूच शकत नसे. वॉटरसन यांनी १९९२ पासून रविवारचा भाग अखंड अर्ध्या पानाचाच मिळेल अशी अट घातली. काही संपादक त्यावर संतापले, पण त्यानंतरची रविवारची पाने पाहावीत : डायनासोर, परग्रहांची निर्जन मैदाने, शब्द नसलेले लांबलचक बर्फाळ उतार. ३१ डिसेंबर १९९५ रोजी शेवटचा भाग आला तेव्हा मालिका दोन हजारांहून अधिक वृत्तपत्रांत छापली जात होती. रोजची मुदत आणि छोट्या चौकटी यांच्या मर्यादेत आपल्याला जे करता येण्यासारखे होते ते करून झाले आहे, असा निरोप वॉटरसन यांनी संपादकांना दिला होता. जागा आणि वेळ या दोन्हींची तक्रार ज्याने इतक्या स्पष्टपणे केली, त्याने पूर्वीपेक्षाही लहान झालेल्या चौकटीत परत यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

त्यांचे एक छोटेसे पुनरागमन मात्र झाले. जून २०१४ मध्ये स्टीफन पास्टिस यांच्या ‘पर्ल्स बिफोर स्वाइन’ या मालिकेच्या सलग तीन भागांतील काही चित्रे वॉटरसन यांनी काढली, आणि ती छापून होईपर्यंत ही गोष्ट गुप्त राहिली. मूळ चित्रांच्या लिलावातून आलेली रक्कम पार्किन्सनविषयीच्या संशोधनाला देण्यात आली.

प्रश्न : चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ‘ब्लाँडी’ चालू राहिली, मग ‘पीनट्स’ का नाही? मूळ चित्रकाराशिवाय चालवलेली मालिका खरोखर वाईटच असते का?

उत्तर : ‘ब्लाँडी’चे जनक चिक यंग १९७३ मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र डीन यांनी मालिका पुढे नेली. घरातलाच वारस असल्याने तिचा सूर फारसा बदलला नाही. चार्ल्स शुल्झ यांच्या कुटुंबीयांची इच्छा उलट होती : आपल्यानंतर दुसऱ्या कोणी ‘पीनट्स’ काढू नये असे ठरले, आणि ते पाळले गेले. २ ऑक्टोबर १९५० पासून सुमारे पन्नास वर्षे शुल्झ यांनी कोणाही साहाय्यकाच्या हाती लेखणी न देता १७,८९७ भाग काढले. शेवटचा रविवारचा भाग १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आला आणि त्याच्या आदल्या रात्री त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांचा हात कापत असे आणि ते रेषेत उमटलेले दिसते. मालिकेचा नायक चार्ली ब्राउन याच्या वाकड्या ओठांत दिसणारी ती थरथर दुसऱ्याने नक्कल म्हणून काढली असती तर ती पाहवली नसती.

वॉल्ट केली यांच्या ‘पोगो’चे उदाहरण तर फारच बोलके आहे. दलदलीतील प्राण्यांच्या तोंडून राजकारणाची हजेरी घेणारी ही मालिका केली यांच्या निधनानंतर, म्हणजे १९७३ नंतर, कुटुंबीयांच्या प्रयत्नांनी थोडा काळ टिकली आणि १९७५ मध्ये थांबली. १९८९ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. नव्या मंडळींची चित्रकला उत्तम होती, पण केली यांचा राजकीय राग आणि त्यांनी घडवलेली ती वेडीवाकडी बोली उसनी आणता येण्यासारखी नव्हती, आणि १९९३ पर्यंत तो प्रयोगही संपला. जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’बाबत सिंडिकेटने असा प्रयत्नच केला नाही. हेरिमन १९४४ मध्ये गेले आणि मालिका त्यांच्याबरोबर संपली. त्या निर्णयाबद्दल आम्हाला आजही आदर वाटतो.

आमच्या या मताला छेद देणारी एक मालिका आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. अर्नी बुशमिलर यांची ‘नॅन्सी’ त्यांच्या मृत्यूनंतर अनेक हातांतून गेली आणि निस्तेज झाली होती. एप्रिल २०१८ मध्ये ऑलिव्हिया जेम्स हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकर्तीकडे ती आली आणि तिच्यात पुन्हा जीव आला. बुशमिलर यांच्या रेषेची नक्कल करण्याऐवजी कमीत कमी रेषांत विनोद बसवण्याची त्यांची शिस्त तिने उचलली आणि नॅन्सीच्या हातात मोबाइल दिला. जुन्या वाचकांपैकी अनेकांना ते मुळीच आवडले नाही, हेही खरे.

प्रश्न : स्वतः चित्रकारानेच बंद केलेली मालिका पुन्हा सुरू केली, असे कधी झाले आहे का?

उत्तर : झाले आहे, आणि दोन्ही ठळक उदाहरणांत पुनरागमन छापील वृत्तपत्राबाहेर झाले आहे. बर्कली ब्रेथेड यांनी ‘ब्लूम काउंटी’ ऑगस्ट १९८९ मध्ये थांबवली होती. जुलै २०१५ मध्ये ती फेसबुकवर परतली. तेथे संपादक नाही, मुदत नाही, ठरावीक चौकट नाही, आणि या मोकळेपणाचा आनंद त्या भागांत दिसतो. गॅरी लार्सन यांनी ‘द फार साइड’ १ जानेवारी १९९५ रोजी संपवली; जुलै २०२० मध्ये त्यांनी आपल्या संकेतस्थळावर काही नवी चित्रे दिली. शाई वाळणाऱ्या पेनांना कंटाळून डिजिटल फलकावर रेखाटायला लागल्यावर त्यांना चित्रे काढण्यातली गंमत पुन्हा सापडली. हे नियमित पुनरागमन नव्हे, आणि तसे ते समजूही नये.

रिचर्ड थॉम्पसन यांची ‘कल डी सॅक’ परत यावी असे लिहिणारे वाचकही आहेत. पार्किन्सनच्या आजारामुळे त्यांनी ती सप्टेंबर २०१२ मध्ये थांबवली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. गेल्या काही दशकांत आलेल्या मालिकांत आम्हाला सर्वाधिक जवळची वाटते ती हीच, आणि तिच्या जुन्या भागांचे संग्रह प्रत्येक घरात असावेत अशी आमची मनापासून शिफारस आहे.

प्रश्न : वृत्तपत्राच्या संपादकाला पत्र लिहून मालिका परत आणता येते का?

उत्तर : मालिका मुळातच बंद झाली असेल तर नाही. ती इतरत्र चालू असून केवळ आपल्या वृत्तपत्राने वगळली असेल, तर जरूर लिहावे. २००२ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने बिल ग्रिफिथ यांची ‘झिपी’ बंद केली तेव्हा निषेधाची हजारो पत्रे आली आणि ती लवकरच पुन्हा सुरू झाली. २००४ मध्ये ती पुन्हा वगळण्यात आली. पत्र लिहिताना मालिका ‘आवडते’ एवढेच न लिहिता कोणता भाग आवडला आणि का, हे सविस्तर लिहावे, आणि आवडीची मालिका चालू असतानाच तसे पत्र पाठवावे.