रीमॅप राहू द्या, आधी ती पॉलिसी दाखवा

तुमचा प्रश्न एवढाच: टर्बो डिझेल गाडीचा ईसीयू रीमॅप करून घेऊ का, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घेऊ का? हे काम करणारा ट्यूनर म्हणतो, ताकद २५ टक्के वाढेल, डिझेल १० टक्के वाचेल, खर्च आपोआप निघून येईल. पैसे क्रेडिट कार्डावर.

तुमचा पगार १०० धरू. रीमॅपचे ५०, डिझेलचे महिन्याला १०. ट्यूनरचं सगळं खरं मानलं तरी महिन्याला १ वाचतो. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के, म्हणजे ५० वर दीड. हा खर्च कधीच निघून येणार नाही.

ताकदीचं म्हणणं खोटं नाही. टर्बोचा दाब आणि इंधनाचं प्रमाण वाढवलं की एवढा फरक पडतो. पण ती ताकद तुम्ही वापरणारच, मग ॲव्हरेज कुठून वाढणार? वाढलेला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. वॉरंटी धोक्यात येते. मूळ फाइल परत टाकली तरी बऱ्याच गाड्यांत फेरफाराची नोंद मागे उरते. विमा कंपनीला न कळवता केलंत, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

आता न विचारलेलं. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की कार्डावर १५० थकलेत, दरमहा ८ भरतो, ‘शिवाय बचत म्हणून १५ पॉलिसीत जातात’. अहो, ही बचत नाही! ८ पैकी साडेचार नुसत्या व्याजात जातात. एकीकडे वर्षाला ३६ टक्क्यांहून महाग कर्ज, दुसरीकडे ५ टक्के देणारी पॉलिसी. गाडीच्या कर्जाच्या कागदांबरोबर ती तुमच्या गळ्यात मारली, तेव्हा तुमच्यावर काय थकलंय हे विकणाऱ्याने विचारलंही नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कार्ड वापरणं आजच थांबवा. ते १५ कार्डाकडे वळवा. ८ आणि १५ मिळून २३. आठ महिन्यांत थकबाकी संपते.

पॉलिसी बंद करण्याआधी सरेंडर व्हॅल्यू (आता मोडल्यास हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) काय मिळेल, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या. घरात कुणी तुमच्यावर अवलंबून असेल, तर साधा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) सुरू झाल्यावरच ती सोडा. ‘आता सोडलंत तर नुकसान होईल’ असं एजंट म्हणेल. होईलच, पण ते एकदाच होईल. कार्डावरचं दर महिन्याला होतंय.