रॉकचे प्रकार बदलतात तेव्हा बेस गिटारवाल्याला काय ऐकू येतं

तुमचा प्रश्न असा आहे, की रॉकमध्ये दर काही वर्षांनी नवा प्रकार येतो, जुन्याचे चाहते नाराज होतात, तर वर्षानुवर्षं हौसेनं वाजवणाऱ्या माणसाला हा बदल कसा वाटतो आणि रॉक संपत आलंय असं वाटतं का. मी बेस गिटार वाजवते. पोटापाण्याचं काम वेगळं आहे. सुट्टीच्या दिवशी बँडबरोबर प्रॅक्टिस आणि अधूनमधून एखादा कार्यक्रम, एवढाच व्याप. त्यामुळे हे उत्तर बेसच्या बाजूनंच येणार.

गिटारवाला रॉकचा प्रकार ओळखतो डिस्टॉर्शनवरून, म्हणजे आवाज किती फोडलाय त्यावरून, गायक ओळखतो आवाज कसा लावलाय त्यावरून. मी ओळखते ते किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटार यांच्यामध्ये मला किती जागा उरलीय त्यावरून. बेसची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, गिटारची जाड तार त्याच्या दुप्पट, 82 ला. किकचा दणकाही याच आसपास पडतो. खर्जाच्या एवढ्याशा पट्ट्यात तिघांनी दाटीवाटीनं राहायचं. रॉकचा प्रत्येक नवा प्रकार म्हणजे माझ्या लेखी या पट्ट्याची नव्यानं झालेली वाटणी.

सुरुवातीला तर बेस धड ऐकूही येत नव्हता. एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डवर बिल ब्लॅक माणसाएवढा उंच डबल बेस वाजवतोय. लिओ फेंडरचा ‘प्रिसिजन’ हा इलेक्ट्रिक बेस 1951 मध्ये आला, पण तो हातात आल्याबरोबर सगळं बदललं असं नाही. अडचण रेकॉर्डच्या तबकडीतच होती. खर्ज जास्त कोरला तर सुई खाचेतून उडेल, ही कंपन्यांच्या इंजिनिअरांना भीती. 1966 मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’च्या वेळी त्यांचा बेसवाला पॉल मॅकार्टनी याला अमेरिकन रेकॉर्डवर येतो तसा दणदणीत बेस हवा होता. तेव्हा त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमरिकनं बेसच्या अँपसमोर दुसरा मोठा लाउडस्पीकर ठेवून तोच मायक्रोफोन म्हणून वापरला. बेस पुढे आला तो नुसता वादकाच्या हुशारीनं आला नाही, यंत्रानं वाट दिली तेव्हा आला. पुढच्या प्रत्येक बदलातही मला हेच दिसतं.

ते अमेरिकन रेकॉर्ड म्हणजे मुख्यतः मोटाउन या सोल संगीताच्या कंपनीचे, आणि त्यांतल्या कितीतरींवर बेस जेम्स जेमरसनचा. तो रॉकवाला नव्हे, पण त्याच्याशिवाय रॉकचा बेस समजत नाही. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा, तारा बदलायचा नाही आणि ब्रिजपाशी (तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात तिथं) स्पंजचा तुकडा असायचा, म्हणून सूर गोल येऊन लगेच विझायचा. त्या काळात मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावंही छापत नसत. जगभरच्या पोरांनी त्याचं नाव ठाऊक नसताना त्याच्या चाली बोटांत उतरवल्या.

इंग्लंडमध्ये द हू या बँडचा जॉन एन्टविसल नेमका उलट्या दिशेनं गेला. ‘माय जनरेशन’मध्ये, 1965 साली, त्यानं चक्क बेसवर सोलो वाजवला. पुढे त्याच्या सोबतीनं रोटोसाउंडनं गोल तार गुंडाळलेल्या बेसच्या तारा बनवल्या. पूर्वीच्या सपाट पट्टीच्या तारा मऊ वाजायच्या, या झणझणतात, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारख्या. तुम्ही आज रॉकमध्ये जो करकरीत बेस ऐकता त्याचं मूळ इथं आहे.

एक प्रयोग सांगते, म्हणजे प्रकार बदलतो म्हणजे हाताखाली काय होतं ते कळेल. एकच सूर घ्या, जाड तारेवरचा मोकळा ई. लय तीच, ड्रमरचा ठोका तोच. जेमरसनसारखा वाजवायचा तर तारेला बोटाच्या पेराचा मऊ भाग लावायचा आणि दोन सुरांच्या मधे बोट हलकंच टेकवून तार गप्प करायची. ती गप्प जागाच श्रोत्याला डोलवते. तोच सूर पंकमध्ये पिकनं, म्हणजे बोटात धरायच्या छोट्या पट्टीनं, प्रत्येक वेळी वरून खाली, एका मात्रेत दोनदा, मधे फट म्हणून नाही. दुसऱ्या गाण्यापर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत हात पेटतो. मेटलमध्ये तळहाताची कड ब्रिजवर टेकवून सूर किकबरोबर नेमका सुरू करायचा आणि किकबरोबरच तोडायचा. डबच्या (रेगेतून निघालेल्या, बेसला पुढे ठेवणाऱ्या संगीताच्या) वळणानं जाणाऱ्या पोस्ट-पंकमध्ये पहिल्या मात्रेवर वाजवायचंच नाही, सूर उशिरा आणायचा आणि लांब राहू द्यायचा. चार प्रकार झाले आणि डाव्या हाताचं एक बोटही हललं नाही. म्हणून नवशिक्या बेसवाल्यांना मी स्केलच्या आधी सूर थांबवायला शिका म्हणते.

आता वाटणीकडे. साठच्या दशकाच्या शेवटी गिटारवाले खाली उतरू लागले. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी सतराव्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावून बसला होता. ताण कमी व्हावा म्हणून तो हलक्या तारा वापरायचा, आणि 1971 च्या अल्बमवर तर तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. गिटार बेसच्या हद्दीत आली. सॅबथचा बेसवाला गीझर बटलरनं तिथून हटायच्या ऐवजी तीच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची चाल, खालून उचलून धरली आणि मधल्या फटींत स्वतःची वळणं घातली. मला हा फार मोठेपणाचा निर्णय वाटतो. हेवी मेटलचं वजन लोक गिटारच्या खात्यावर टाकतात. घरी बसून सॅबथच्या रिफा नुसत्या गिटारवर वाजवून बघा, अर्धं वजन गायब झालेलं असेल.

प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल थोडक्यात. येस या बँडचा क्रिस स्क्वायर रिकनबॅकर बेस आणि पिक घेऊन गिटारच्या तोडीस तोड चाली वाजवायचा. मला तो ऐकायला आवडतो, वाजवायला फारसा नाही.

पंकबद्दल मात्र भरभरून बोलायचंय, कारण इथं माझ्यासारख्या हौशी वादकाला पहिल्यांदा दार उघडलं. रॅमोन्सचा पहिला अल्बम, 1976, इअरफोन लावून ऐका: एका कानात बेस, दुसऱ्या कानात गिटार, मधे आवाज आणि ड्रम. गिटारचा कान काढून टाका. डी डी रॅमोनचा बेस घड्याळासारखा चाललेला ऐकू येईल, अलंकार शून्य, पण एक ठोका ढिला नाही. ‘हे तर कुणीही वाजवेल’ म्हणणाऱ्यांनी सबंध अल्बमभर ती लय धरून दाखवावी. साधेपणाला लागणारी ताकद वेगळी असते आणि ती सरावाशिवाय येत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत पोस्ट-पंक आलं आणि वाटणी पुन्हा उलटली. गिटार पातळ झाली, झाडाच्या काटक्यांसारखी, आणि मधली सगळी जागा मोकळी पडली. जॉय डिव्हिजनचा पीटर हूक वरच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर), बारीक तारांवर चाल वाजवू लागला. कारण अगदी साधं: त्याचा अँप यथातथा होता, खालचे सूर बँडच्या गोंगाटात त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत. 1979 चा त्यांचा पहिला अल्बम ऐकताना बऱ्याच जणांना लक्षातही येत नाही, की आपण गुणगुणतोय ती बेसची ओळ आहे. माझा सगळ्यात लाडका काळ हाच. बेसनं तळ सोडला, तळाशी नुसती किक राहिली, आणि तरीही गाणं पोकळ वाटलं नाही.

मेटलमध्ये याच्या उलटी गत झाली. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस सपाट तारांवर, दोन बोटांनी घोडदौड वाजवत सगळ्यांच्या पुढे राहिला, पण तो अपवाद. थ्रॅश या वेगवान मेटलच्या गिटारींनी मधला पट्टा कमी करून खालचा नि वरचा वाढवला, म्हणजे बेसच्या घरातच मुक्काम ठोकला. मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन 1986 मध्ये अपघातात गेला, आणि 1988 च्या त्यांच्या अल्बमवर नव्या वादकाचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. त्या अल्बमची गाणी मला पाठ आहेत आणि तरीही तो ऐकताना जीव हळहळतो. खालची मंडळी गप्प केली की गिटारही कोरडी पडते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून बदल भराभर झाले. पिक्सीजमध्ये किम डील गाण्याच्या शांत भागात जवळजवळ एकटीच वाजते, मग सगळे तुटून पडतात. ती शांत-दणका रचना ग्रंजनं जशीच्या तशी उचलली. रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीनं फंकमधली अंगठ्यानं तार ठोकायची रीत रॉकमध्ये रुजवली. आणि 1994 मध्ये कॉर्न या बँडचा पहिला अल्बम आला. सात तारांच्या गिटारी, सगळ्यात खालची तार 55 हर्ट्झपर्यंत उतरवलेली. ही सरळसरळ बेसची जागा. बेसवाल्या फील्डीची पाचवी तार मग आणखी खाली, 27.5 ला. इतका खालचा सूर घरातल्या लहान स्पीकरवर सूर म्हणून पोहोचतच नाही. म्हणून त्यानं तारेचा फ्रेटवर आपटणारा टकटक आवाज पुढे आणला. बेस तिथं अर्धा तालवाद्य झाला. जुन्या लोकांनी त्यावर खूप नाकं मुरडली. मला त्यात दिसते ती दाटीत सापडलेल्या वादकानं शोधलेली वाट, हूकनं शोधली तशीच.

मग बेसच काढून टाकणारेही आले. द डोर्सच्या कार्यक्रमांत रे मँझारेक डाव्या हातानं कीबोर्डवर बेस वाजवायचा, त्यामुळे ही कल्पना नवी नव्हती. 2003 मध्ये द व्हाइट स्ट्राइप्सची ‘सेव्हन नेशन आर्मी’ आली, जी आज फुटबॉलच्या मैदानांत हजारो लोक एका सुरात म्हणतात. ती ओळ बेसची नाहीच, गिटार पेडलमधून (पायानं चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या यंत्रातून) एक सप्तक खाली नेलीय. दोन माणसांच्या त्या बँडनं बेसवाला घेतला नाही, पण खर्ज मात्र त्यांनाही लागला. उलट 2014 मध्ये रॉयल ब्लडचा पहिला अल्बम आला, तिथं गिटारच नाही, फक्त बेस आणि ड्रम, आणि बेसचा आवाज पेडलमधून फोडून गिटारचंही काम करून घेतलेलं.

म्हणून रॉक संपलंय का या प्रश्नानं माझी झोप उडत नाही. लोकप्रियतेच्या याद्यांत ते मागे पडलंय, हे उघड आहे. पण वाटणी थांबलेली नाही. माझ्यापेक्षा कितीतरी लहान वादक भेटतात, ते एकाच गाण्यात पंकचा हात, डबची गप्प जागा आणि कॉर्नची टकटक वापरतात आणि आपण कुठल्या प्रकाराचे याची त्यांना पर्वा नसते. त्यांच्याबरोबर वाजवताना मजा येते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आता रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठोका संगणकावर ओढून ग्रिडच्या रेषेवर बसवतात. किक रेषेवर, बेस रेषेवर, सगळं एका क्षणी. पण बेस आणि ड्रम यांच्यात जीव असतो तो त्या रेषेच्या किंचित पुढे-मागे. हल्ली आमचा बँड संथ, जड, डूम धाटणीचं वाजवतो. लय इतकी धीमी की दोन ठोक्यांच्या मधे श्वास घेऊन सोडता येतो. तिथं माझा सूर किकच्या केसभर मागे पडला तर सगळी खोली जड वाटते, आणि केसभर पुढे गेला तर तेच गाणं घाईत असल्यासारखं होतं. तो केसभर किती, हे ड्रमरच्या खांद्याकडे बघून ठरतं; हात खाली येण्याआधी खांदा हलतो. हे रेषेवर बसवलं की प्रकार कुठलाही असो, माझ्या कानाला सगळं सारखंच लागतं.

तुम्ही वाजवत नसाल, नुसते ऐकत असाल, तरी एक करून बघा. आवडत्या बँडचं एखादं मैफलीतलं रेकॉर्डिंग घ्या आणि तेच गाणं अल्बमवरही ऐका. दोन्ही वेळा गायकाकडे, गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नका. फक्त बेसचा सूर कुठं सुरू होतो आणि कुठं थांबतो तेवढंच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यावर खर्ज पोहोचत नाही. बरे हेडफोन लागतील.